गोष्टींचा कंपाउंडर

चिंचवडच्या कंपाउंडरचा विषय निघाला की लोक हात जोडतात. जोडोत. माझी तक्रार हात जोडण्याबद्दल नाही. त्यांचा सत्कार झाला, हार पडले, तीन जणांनी भाषणं केली, आणि त्या तिन्ही भाषणांत माझा उल्लेख एकदाही आला नाही. पुस्तकं माझ्या दुकानातली, युक्ती माझ्या हातून झालेली, मुलगी माझी, आवाजही माझाच. आणि गुण आला म्हणे कंपाउंडरच्या हाताला! हे मी तेव्हा भर सभेत म्हणालो होतो आणि आजही म्हणतो. बायको म्हणते, "अहो, तीस वर्षं होत आली, आता तरी सोडा." मी सोडत नाही. सोडून द्यायचा स्वभाव असता तर मी अजून जुन्नरकडे दुसऱ्याची गुरं राखत बसलो असतो.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक तागडी, दोन पोती, बायको आणि तिच्या कडेवरची पोर एवढं घेऊन मी पिंपरीत आलो. बाजारातून निर्वासितांच्या कॅम्पाकडे वळणाऱ्या गल्लीत पत्र्याची जागा धरली. पुढे रद्दीचं दुकान, मागे घर. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं. कागद हातात आला की डोळे मिटून सांगायचो, हा वाण्याच्या कामाचा, हा भजीवाल्याच्या, हा बांधणीवाल्याच्या. त्यावर काय छापलंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. शाई सुकलेली असली म्हणजे झालं.

कंपाउंडर पहिल्यांदा दुकानात आले ते भर वैशाखात, अंगात खाकी कोट घालून. तो कोट त्यांनी कधी काढलेला मी पाहिला नाही. एका खिशात कात्री, दुसऱ्यात डिंकाची बाटली. डिंकाच्या बाजूचा खिसा कायमचा कडक झालेला, दारावर घासला की पत्र्यासारखा वाजे. तालुक्याच्या एका दवाखान्यात तीस वर्षं औषधं कालवून ते चिंचवडला नदीजवळच्या एका खोलीत येऊन राहिले होते. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. मला म्हणाले, "शेट, लहान मुलांची गोष्टींची पुस्तकं आहेत का?"

मी त्यांच्या कोटाकडे पाहून भाव सांगितला. त्यांनी दिला.

माझ्यासारख्या माणसाचा यापेक्षा मोठा अपमान होत नाही. सांगितलेला भाव गिऱ्हाइकाने मुकाट्याने दिला म्हणजे आपण कमी सांगितला. पुढच्या खेपेला मी दीडपट सांगितला. दिला. त्यापुढे दुप्पट. दिला. शेवटी मीच चिडलो. "अहो, काही कमी करा म्हणा तरी!"

"औषधाच्या भावात घासाघीस करू नये, गुण येत नाही," ते म्हणाले आणि हातातलं पुस्तक तीनदा खदाखदा हलवलं. त्यातून एक कसर पडली. "हलवून घ्यावं," ते कसरीला म्हणाले की मला, ते कळलं नाही.

त्यांचं वेड काय होतं ते सांगतो. तेव्हा दवाखान्यात घरून बाटली न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल औषध भरून देई आणि बाटलीच्या कुशीला कागदाची उभी पट्टी डकवी. पट्टीच्या कडेला कात्रीने पाडलेल्या खाचा; एक खाच म्हणजे एक डोस. यांनी तशीच पट्टी पुस्तकांना लावायला सुरुवात केली होती. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर पट्टी, आत दर डोस जिथे संपतो तिथे पेन्सिलीची रेघ, आणि पहिल्या पानावर डकवलेली चिठ्ठी: 'रोज एक खाच. दिवेलागणीला, मोठ्याने, घरातल्या सर्वांनी मिळून घेणे. भांडण झाल्यावर घेतल्यास विशेष गुण. पथ्य: तात्पर्य विचारू नये.'

मूल जेवत नाही, मूल रात्रीचं अंथरूण ओलं करतं, मूल शाळेत गेलं की पोट धरून बसतं, असं गाऱ्हाणं घेऊन कुणी गेलं की हे आधी बापाला जीभ दाखवायला सांगत. मग आईला. मुलाला कधीच नाही. फी नव्हती. एकच अट, "रिकामं झालं की परत आणायचं." रिकामी बाटली परत मागावी तसं.

एकदा मी विचारलं, "कंपाउंडरसाहेब, कागद वाचून कुणाचं पोट दुखायचं थांबतं का?"

"शेट, तीस वर्षं मी पोरांना लाल पाणी दिलं. त्यात काय असायचं? साखर, रंग आणि थोडी सुंठ. तरी पोरं बरी व्हायची. का? तर डोस पाजायला आई दिवसातून तीनदा त्यांच्याजवळ बसायची. मग मी म्हटलं, पाण्याचं काय एवढं? बसवायचं कशाने ते बघू."

यावर मी भाव वाढवला.

त्यांच्या रोग्यांपैकी पहिला मी डोळ्यांनी पाहिला तो आमच्या गल्लीतला सिंधी कापडवाला. फाळणीत सिंधमधून आलेला; राहायला कॅम्पात, गल्लीत हातगाडीवर चादरी विकायचा. त्याची दोन मुलं आगगाडीची शिट्टी ऐकली की खाटेखाली शिरत. का शिरत, ते त्यांच्या बापाला ठाऊक होतं आणि तो कुणाला सांगत नव्हता. कंपाउंडरने त्याची जीभ पाहिली आणि एक पुस्तक दिलं: पडसं झालेल्या इंजिनाची गोष्ट. इंजिन चढावर शिंकतं आणि डबे घाबरतात, असलं काहीतरी. आता या माणसाला मराठीची अक्षरं वाचता येत, अर्थ निम्मा कळे. तो मुलांना वाचून दाखवी आणि मुलं त्याला शाळेत शिकलेला अर्थ सांगत. महिनाभरात शिट्टी झाली की ती दोघं दारात येऊन ओरडू लागली, "शिंकलं! शिंकलं!"

इथवर ठीक होतं. पण बापाला गोडी लागली. पुढचं पुस्तक त्याने राजाराणीचं घेतलं आणि बाजारातही तीच मराठी बोलू लागला. भाजी घेऊन चाललेल्या बाईला म्हणे, "हे राणी, क्षणभर थांब! ही चादर पाहा! हिचा रंग गेला तर माझे प्राण जातील!" बायका पदर तोंडाला लावून हसत आणि चादर घेऊन जात. माझ्या दुकानासमोर गर्दी व्हायची ती त्याच्या गाडीला. मला म्हणाला, "हे मित्रा, तुझे उपकार मी सात जन्म विसरणार नाही." उपकार मानणारा तेवढा एकच निघाला, म्हणून सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. रद्दीच्या धंद्यात नमुना दाखवावा लागतो. वाण्याकडे अख्खा भारा नेण्याआधी एकेक पान दाखवायचं. तो ते चुरगाळून बघतो, भजीवाला त्यावर तेलाचा थेंब टाकून बघतो. हा नमुना मी नेहमी पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फाडायचो. कारण साधं होतं, शेवटचं पान सगळ्यांत स्वच्छ असतं. पुस्तक शेवटपर्यंत वाचणारी माणसं फार थोडी, ही गोष्ट मला धंद्याने शिकवली. पुस्तक दुकानात आलं की आधी पान फाडून ठेवायचं, मग ढिगात टाकायचं, हा माझा शिरस्ता. वरून धरायचं, अंगठ्याने दाबायचं, एका दमात खाली.

एका सकाळी कासारवाडीच्या फाटकाजवळचा उस्ताद, लॉऱ्या दुरुस्त करणारा, हातात पाना घेऊन दुकानात शिरला. मला वाटलं, मारायला आला.

"शेट, वाघ निघाला का न्हाई?"

"कुठला वाघ?"

"तुम्ही विकलेला! कंपाउंडरसाहेबानं दिलेल्या किताबात वाघ विहिरीत पडलाय, वर बकरी उभी हाय, दोर टाकू का नको म्हणते, आन पुढचं पानच न्हाई! साहेब म्हणाले, पुस्तक तुमच्याकडचं हाय."

"मग असेल फाटलं. एवढं काय?"

"एवढं काय? आमची अम्मी आन बीवी सालभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता तीन दिवस झाले, गप बसत न्हाईत! अम्मी म्हणते, दोर टाकायचा न्हाई, वाघ तो वाघच. बीवी म्हणते, टाकायचा, बिचाऱ्याची भूल झाली. मला इचारतात. मी काय बोलू, राव? एकीकडनं बोललो तर दुसरी जेवाय घालत न्हाई."

"आणि पोरगं? ते जेवत नाही म्हणूनच पुस्तक नेलं होतं ना?"

उस्तादने पाना खाली केला. "ते जेवतंय की. भांडणाच्या नादात दोघीबी त्याच्याच ताटात वाढतात. ते म्हणतंय, वाघाला भाकर द्या आन मग दोर टाका."

तो गेला आणि तासाभरात कंपाउंडर आले. मी आधीच आवाज चढवून ठेवला होता. त्यांनी मला ओरडू दिलं, पोत्यावर बसले आणि विचारलं, "शेट, सगळ्याच पुस्तकांची शेवटची पानं फाडता का?"

"धंदा आहे माझा! नमुना लागतो!"

"फाडत जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चिठ्ठीवर एक नवी ओळ आली: 'शेवटचा डोस घरी तयार करून घ्यावा.' ज्या ओळीसाठी पुढे पुण्याहून लोक त्यांना भेटायला आले, ती ओळ ही. आता सांगा, ही कल्पना कुणाची? माझ्या अंगठ्याची! आभार मानले का? तर जाताना म्हणाले, "फक्त सरळ फाडत जा. परवा एका राजकन्येचं अर्धं नाक गेलं."

माझ्या घरची गोष्ट सांगायची मला हौस नाही, पण ती न सांगता माझी बाजू पुरी होत नाही.

थोरली मुलगी सुमन तेव्हा नऊ वर्षांची होती. चैत्रातल्या एका सकाळी वाण्याला भारा पोचवायचा होता आणि थोडा कागद कमी पडत होता. मी घरातल्या फळीवर हात फिरवला. जुनी वर्तमानपत्रं, तिच्या गेल्या वर्षीच्या वह्या, आणि एक चित्रांचं पुस्तक. तिच्या मामाने आणलेलं. सगळं पुढे नेलं, पान फाडलं, ढिगात टाकलं. त्यातलं काय वाण्याकडे गेलं आणि काय मागे राहिलं, तेही मी पाहिलं नाही.

ती शाळेतून आली. फळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"आबा, माझं पुस्तक?"

"तुला ते पाठ झालं होतं ना?"

"हो."

"मग कशाला पाहिजे?"

माझा मुद्दा आजही मला बिनचूक वाटतो. पण त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. आईशी बोले, शेजारणीशी बोले, मांजराशी तर फार बोले. माझ्याशी नाही. मी समोर बसलेला असताना आईला सांगे, "आई, दुकानातल्या माणसाला सांग, भाकरी निवतेय."

बायको माझ्याकडे वळून म्हणे, "अहो, दुकानातला माणूस, भाकरी निवतेय."

मी ओरडलो. मी ओरडलो की ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची. मग मी माझ्या पद्धतीने घेतलं. रिबिनी आणल्या, बांगड्या आणल्या, मातीचा राघू आणला. तिने सगळं आईच्या हातून घेतलं आणि माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. माल घेऊन मोबदला न देणारं असं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

वैशाख गेला, ज्येष्ठ लागला. एक दिवस गल्लीतल्या एका घरून वरात निघत होती. नवरी रडत बापाच्या गळ्यात पडली होती. मी तागडी धरून बघत होतो. मनात आलं, आमची ही आईला सांगेल, "आई, दुकानातल्या माणसाला सांग, मी चालले." त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांशी भांडलो आणि तिघांनाही माल जास्त गेला.

श्रावणही गेला तेव्हा मला न विचारता बायको चिंचवडला जाऊन आली. दसऱ्यानंतर कंपाउंडर कोट वाजवीत घरात शिरले आणि मला म्हणाले, "जीभ दाखवा."

"पोरगी आत आहे."

"तिची जीभ ठीक आहे. सबंध गल्लीशी बोलते. तुमची दाखवा."

"मी काय आजारी आहे?"

"अहो, दाखवा की जरा!" बायको म्हणाली. मी दाखवली, का ते मला माहीत नाही. त्यांनी ती उजेडाकडे वळवून पाहिली आणि म्हणाले, "हं. वापर जास्त, पण सगळा एकाच कामाला." मग कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं, तीनदा हलवलं आणि माझ्या हातात दिलं. "रोज दोन खाचा. मोठ्याने, पण चढ्या आवाजात नाही. पोरीला ऐकायला बोलवायचं नाही."

"दोन जमणार नाहीत. एक."

"बरं, एक."

तेवढंच मी त्यांच्याकडून पाडून घेतलं.

त्या संध्याकाळी चुलीजवळ बसून मी पुस्तक उघडलं. बायको भाकऱ्या थापत होती. सुमन कोठीमागे. मी जन्मात मोठ्याने वाचलं होतं ते फक्त पोत्यांवरचं वजन; त्याच चालीत सुरुवात केली. उंटाचं एक पिलू होतं. त्याला एका मीठ विकणाऱ्याने सांगितलं की पलीकडचा काठच नाही असं पाणी असतं. पिलू ते पाणी बघायला निघालं.

पहिल्याच वाक्याला कोठीमागे पत्र्याचा डबा पडला. मी लक्ष दिलं नाही. मांजर असेल.

दुसऱ्या दिवशी पिलाने गाढवाला वाट विचारली आणि गाढवाने सांगितली. मी थांबलो. "फुकट सांगितली? हे काही पटत नाही."

"तुम्ही वाचा मुकाट्याने," बायको म्हणाली. कोठीमागून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

चौथ्या दिवशी पिलाला तहान लागली आणि मी वाचताना मध्येच पाणी मागितलं, तर तांब्या माझ्याजवळ आपोआप सरकला. कोण आलं, कोण गेलं, मी मान वर केली नाही. भाव जुळत आला की गिऱ्हाइकाकडे बघू नये.

नवव्या दिवशी पिलू वाळूच्या शेवटच्या टेकडीवर चढलं. त्याने मान उंच केली, आणि

आणि पुढे पान नव्हतं. फाटलेली कड होती. ती कड मी लगेच ओळखली: वरून धरलेलं, अंगठ्याने दाबलेलं, एका दमात खाली. भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मग?" बायको म्हणाली.

पट्टीवर एक खाच उरली होती: शेवटचा डोस घरी तयार करून घ्यावा. मी घसा खाकरला.

"टेकडीवर समुद्राचा मालक बसला होता. पिलू म्हणालं, राम राम. समुद्र कसा दिला? मालक म्हणाला, अख्खा घ्यायचा की सुटा? पिलू म्हणालं, आधी नमुना दाखवा. मालकाने ओंजळभर पाणी दिलं. पिलाने चाखलं, थुंकलं आणि म्हणालं, हॅट्, खारट आहे! भाव निम्मा करा. मालक म्हणाला, परवडत नाही. पिलू म्हणालं, मग ठेवा तुमच्यापाशी, आणि पाठ फिरवून चार पावलं गेलं, कारण त्याला माहीत होतं की मालक मागून हाक..."

"असं नाहीये!"

सुमन कोठीमागून उठून उभी राहिली होती. केसांना पीठ, डोळे लाल.

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "मग कसं आहे? घरी परत गेलं का?"

"नाही!"

"पोहलं असेल."

"उंट कधी पोहतात का, आबा!"

आबा. सहा महिने दुकानातला माणूस होतो मी. बायको तोंडाला पदर लावून चुलीत फुंकू लागली, चूल चांगली पेटलेली असताना.

"तर मग शेवट काय आहे?"

"नाही सांगणार. ते पान तुम्हीच फाडलंत."

"तुला काय माहीत?"

"ते माझं पुस्तक आहे."

मी पुस्तक मिटलं, उलटंसुलटं केलं. पुठ्ठ्यावर उंटाचं चित्र होतं. नऊ दिवस माझ्या हातात होतं आणि मी ते ओळखलं नव्हतं. बायको म्हणाली, "आत्ता कळलं?"

मग खरी घासाघीस झाली. मी म्हणालो, शेवट सांग, नवं पुस्तक आणतो. नको. दोन आणतो. नको. तुझं काय म्हणणं ते तरी सांग. तिने बोटांवर सांगितलं: तिचा कुठलाही कागद तिला विचारल्याशिवाय तागडीत जाणार नाही, ओरडायचं ते पुढे दुकानात, मागे नाही, आणि रोज एक खाच वाचायची, गाढवाला काही न बोलता. मी तिन्ही अटी मान्य केल्या.

"आता सांग."

"मी कुठे म्हटलं, सांगते म्हणून?" सुमन म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

सगळं देऊन मी रिकाम्या हाताने उठलो. माझीच मुलगी, दुसरं काय.

सकाळी दुकान न उघडता मी तडक चिंचवडला गेलो. कंपाउंडर नदीच्या बाजूला तोंड करून पट्ट्या कातरत बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं! पुस्तक तिचं आहे हे माहीत होतं!"

"तुमच्याच ढिगात मिळालं. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, शेट. तुम्ही शेवटचंच बघता. मी नावावर चिठ्ठी डकवली, एवढंच."

"शेवट काय आहे त्याचा?"

"मलाही ठाऊक नव्हता. परवा तुमच्या मुलीने इथे येऊन सांगितला."

"तुम्हाला सांगितला? मग मला सांगा. वर्षभर पुस्तकं फुकट देतो." फुकट हा शब्द मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. जिभेला वेगळाच लागला.

त्यांनी कात्री खाली ठेवली. "कंपाउंडर एकाच्या बाटलीतलं दुसऱ्याला पाजत नाही."

"मग हे तुमचं पुस्तक परत घ्या!"

"रिकामं कुठे झालंय? शेवटचा डोस आहे अजून. झाला की आणा."

त्यांचा सत्कार झाला तो त्यानंतर चार-पाच वर्षांनी. उस्ताद आईला आणि बायकोला घेऊन आला होता. त्या दोघी सभेतही वाघावरून भांडत होत्या. कापडवाल्याने 'हे नरश्रेष्ठा' करून शाल दिली. वक्ते म्हणाले, शेवट घरी तयार करण्याची थोर कल्पना यांची. मी उभा राहून म्हणालो, "कल्पना माझी आहे! पानं मी फाडली!" अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं. कंपाउंडर हारांआडून माझ्याकडे बघत होते. बोलले एकच वाक्य: "मी फक्त पट्ट्या कापल्या." सभा संपल्यावर बाहेर मला गाठून त्यांनी त्यांचं मानपत्र माझ्या हातात कोंबलं. "जाड कागद आहे, शेट. पण बेताने. याला एकच पान आहे."

ते वारले तेव्हा त्यांच्या पुतण्याने रद्दी न्यायला मलाच बोलावलं. खोलीभर पुस्तकं होती, प्रत्येकाला पट्टी. मी सवयीने एक उचललं, शेवटचं पान वरून धरलं, अंगठा दाबला. मग ठेवून दिलं. त्या दिवशी माझा अंगठा दुखत होता. ज्यांची पट्टी अर्धी उरली होती ती पुस्तकं मी घरोघर परत देऊन आलो, कारण मला तसंही त्याच बाजूला काम होतं.

सुमन सासरी गेली ती गळ्यात पडून, रडून, वर मला बारा सूचना देऊन गेली. उंटाचा शेवट तेवढा सांगून गेली नाही. आता सुट्टीत येते तेव्हा तिच्या मुलीला तीच गोष्ट सांगते. मी वर्तमानपत्र धरून पलीकडे बसतो. पिलू टेकडीवर चढलं की तिचा आवाज खाली जातो. मला काही ऐकू येत नाही.

यंदा नात दुकानात येऊन पोत्यावर बसली. आठ वर्षांची आहे. म्हणाली, "आजोबा, मला उंटाचा शेवट माहितीय. विकायचाय."

"आधी नमुना दाखव."

तिने विचार केला. "वाळू ओली होती."

"बस? एवढाच?"

"नमुना एवढाच असतो. घ्यायचा तर अख्खा." आणि तिने भाव सांगितला. मी हसलो, निम्मा सांगितला. ती उठली, पाठ फिरवून चार पावलं गेली. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आली. मी थोडा वाढवला, तिने थोडा उतरवला, बोलता बोलता शाळेतलं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं, पडलेला दात दाखवला, आणि भाव न जुळता गेली. तेव्हापासून रोज येते. पुस्तक माझ्या गल्ल्याशेजारी आहे, पट्टीवरची शेवटची खाच तशीच आहे.

तिने सांगितलेला भाव मला पहिल्याच दिवशी परवडत होता. हे तिला कुणी सांगू नये.